समाधीचं मीठ

नवा जिल्हा येणार, येणार म्हणून आमच्या बोरगाळच्या माणसांनी वाट पाहून डोळे शिणवून घेतले. दर सव्वीस जानेवारीच्या आधी कुणीतरी मुखेडहून यायचं आणि सांगायचं, यंदा उदगीर जिल्हा झालाच म्हणून समजा. मग पारावर भांडण जुंपायचं, आपण नांदेडातच राहायचं का उदगीरात जायचं. जणू सरकार आमच्या पारावर येऊनच विचारणार होतं. जिल्हा काही आला नाही. आला तो खड्डा.

जिल्हा झाला की कारखाने येतील, पोरांना नोकऱ्या लागतील, या भरवशावर लोकांनी गावावरचा माळ एका कंपनीला दिला. माझ्या सासऱ्यांनीही दिला. बेलाच्या झाडाखालची खालची पट्टी तेवढी त्यांनी ठेवून घेतली. कंपनीनं तिथं कारखाना बांधला नाही. तळ्याएवढा खड्डा खोदला, कडेनं बांध घातला, आत काळा प्लास्टिकचा कागद अंथरला, आणि दूर समुद्राकडून ताडपत्र्या बांधलेल्या लॉऱ्या यायला लागल्या. तेलविहिरी खणताना जमिनीच्या पोटातून जो गाळ वर येतो, काळा, तेलकट, खारट, तो तिकडे कुणाला दारात नको असतो. म्हणून तो आमच्या दारात.

माझा नवरा भीमाशंकर त्या कागदाचा कारागीर. (नवऱ्याचं नाव मी असं सरळ लिहितेय हे सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी दिवसभर अबोला धरला असता. पण त्यांना वाचता येत नाही.) गुजरातेत अशाच खड्ड्यांवर त्यानं बरीच वर्षं काढली होती. गावातच काम निघालं म्हणून आनंदानं परत आला. रोज सकाळी ऊन चढायच्या आत तो खड्ड्याच्या उतारावर अनवाणी फिरायचा. बुटातून पायाला काही कळत नाही म्हणायचा. कुठं खालून खडा टोचतोय, कुठं उन्हानं कागद फुगलाय, कुठं सांधा सुटायला आलाय ते तळपायानं हुडकायचं. संशय आला तिथं साबणाचं पाणी लावायचं, वर काचेची पेटी दाबायची आणि पंपानं आतली हवा ओढायची. भोक असलं की काचेखाली बुडबुडे येतात. मग तेवढी जागा घासायची, वर गोल ठिगळ ठेवायचं आणि गरम प्लास्टिक सोडणाऱ्या बंदुकीनं कडेकडेनं शिवून टाकायचं. ठिगळ गोलच हवं, चौकोनी असलं तर कोपऱ्यातून उचकटतं. हे सगळं तो मला भाकरी खाता खाता सांगायचा आणि मी भाकरी थापता थापता ऐकायचे. मला त्यातलं बरंच कळायला लागलं होतं, आणि त्याचा मला अभिमानही होता, हे आता सांगायला हरकत नाही.

खड्डा झाला तेव्हा गाव घाबरलं होतं. नागाबाईची शेळी त्यातलं पाणी पिऊन मेली होती, रानडुकरं पाण्याच्या चकाकीला भुलून आत घसरायची ती पुन्हा वर यायची नाहीत. ग्रामसभेत कल्ला झाला. तेव्हा कंपनीनं भीमाशंकरलाच उभं केलं. त्यानं कागदाचा तुकडा खोळ करून धरला, त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाला, "बगा. एक थेंब खाली गेला तर माझं नाव बदला." थेंब गेला नाही. गाव शांत झालं. तो खोटं बोलत नव्हता. नीट शिवलेल्या कागदाबद्दल तो बोलत होता.

पुढं एकदा पोकलेनच्या बकेटनं खालच्या बांधाकडचा कोपरा फाडला. भीमाशंकरनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तो मॅनेजरला म्हणाला, हा कोपरा रिकामा करून द्या, मी शिवतो. मॅनेजरच्या लॉऱ्या रांगेत उभ्या होत्या. तो म्हणाला, दुसरा खड्डा सुरू झाला की बघू. सकाळी भीमाशंकर गेला तर फाटक्यावर गाळ ओतून मोकळे. दिसतं तेवढंच शिवता येतं, गाळाखालचं कुणालाच शिवता येत नाही. तो सांगत राहिला, मॅनेजर ऐकत राहिला, आणि शेवटी "फार बोलतोस, गेटवर बसवीन" म्हणाला. त्या दिवशी भीमाशंकर जेवला नाही.

मग तो उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं म्हणून टीव्हीवर दाखवायचे. आमच्याकडे रेल्वेही नाही आणि टीव्हीवाले तर त्याहून नाहीत. गावच्या विहिरीत उतरून बायका वाटीनं पाणी गोळा करायच्या. पुढं तेही संपलं. तालुक्याचा टँकर यायचा, कधी यायचा नाही. कंपनीला मात्र रोज टँकर, कारण बुडबुडे काढायला साबणाचं पाणी लागतं. हे मी नवऱ्याला टोचून टोचून ऐकवायचे. तो म्हणायचा, "म्हून तर एक कॅन घरी आणतो की, शिवकांता." आणायचा खरा. त्या कॅनवर आमचं घर चाललं होतं.

अशा उन्हाळ्यात माझे सासरे शिवमूर्ती अप्पा गेले. आजारपण नाही, काही नाही. दुपारी इष्टलिंगाची पूजा करायला बसले आणि बसल्या जागी मान टाकली. बसूनच गेले म्हणून गावानं हात जोडले. अप्पा होतेही तसे. कुणाच्या अध्यात ना मध्यात, आल्यागेल्याला तांब्या पुढं करणारे. शेवटच्या दिवसांत तांब्यात पाणी नसायचं याचंच त्यांना वाईट वाटायचं. अव्वांना, म्हणजे माझ्या सासूबाई सिद्धम्मांना, ते म्हणायचे, "मानूस दाराशी आलं अन् पानी विचारलं न्हाई, असलं जगनं नको बा."

आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत. बसवून माती देतात. अप्पांची इच्छा बेलाखालच्या पट्टीत बसायची होती, म्हणून भावकीनं तिथं खड्डा घेतला. वर बांध, बांधापलीकडे कंपनीचा खड्डा. बेल शेंड्याकडून वाळत चालला होता, पण त्या साली काय वाळत नव्हतं? पुरुषभर खणून झालं आणि खणणारे एकदम थांबले. खालची माती ओली होती. एकानं मूठभर वर आणली आणि सगळ्यांना दाखवली. त्या उन्हाळ्यात ओली माती पाहून माणसं रडली. मीही रडले.

रेवणसिद्ध स्वामींनी विधी केला. अप्पांना भस्म लावून बसवलं, हातात इष्टलिंग दिलं, भोवती बेलाची पानं रचली आणि रीतीप्रमाणे पोतंभर मीठ घातलं. माती लोटून झाली तेव्हा अव्वा म्हणाल्या, "जाता जाता बी पानी विचारून गेले बगा."

मी भीमाशंकरकडे पाहिलं. तो मातीकडे पाहत नव्हता. तो बांधाच्या कोपऱ्याकडे पाहत होता.

तिसऱ्याच्या दिवशी समाधीच्या खालच्या अंगाला, पट्टी खोल उतरते तिथं, आमच्या शेजारच्या चांगुणाबाईनं हातभर चर खणला. दुपारपर्यंत त्यात पाणी साचलं. निवळशंख. गावभर बोंब झाली, बायका घागरी घेऊन पळत आल्या, पोरांनी चर वाढवला. पाणी चाखून चांगुणाबाई म्हणाली, "जरा खारट लागतंय गं."

"मीठ घातलंय न्हवं का समाधीत," कुणीतरी म्हणालं. "पोतंभर मीठ हाय तिथं."

झालं. सगळ्यांना पटलं. मलाही क्षणभर पटलं, खोटं कशाला बोलू. एक उग्र वासही होता, रॉकेलच्या डब्यात पाणी भरलं तर येईल तसा. तो कापराचा ठरला.

त्या संध्याकाळी भीमाशंकर ओसरीत भिंतीला टेकून बसला. आमची पोर उमा शाळेचं काहीतरी लिहीत होती, अव्वा समाधीकडून यायच्या होत्या.

"ते खड्ड्याचं पानी हाय," तो म्हणाला. "फाटक्या कोपऱ्यातून उतरून राहिलंय. मुरमातून गाळून येतं म्हून स्वच्छ दिसतंय. खारट हाय ते मिठानं न्हाई."

"मग सांगा की गावाला."

"मीच म्हनलो होतो, एक थेंब जानार न्हाई."

"म्हणून पिऊ देणार? शेळी कशी मेली विसरलात?"

तो तळपायाला चिकटलेली माती खरवडत बसला. मला असा संताप आला की हातातलं लाटणं मी पाटावर आपटलं. सांगायला गेला तर अव्वांना काय सांगायचं, हे त्याच्या घशाशी अडकलं होतं, आणि ते मला दिसतही होतं. नवऱ्यानं जाता जाता गावाला पाणी दिलं, या एका गोष्टीवर ती बाई उभी होती. पण उभी राहून ती त्या दुपारीच ओंजळभर तेच पाणी प्यायली होती आणि आता रोज पिणार होती. मी म्हणाले, "तुमच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही. डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी करा."

डोळ्यांनी दिसेल असं त्याच्याकडे होतं. गुजरातेत गळती हुडकायला रंग वापरायचे. एक डबी त्यानं तिकडून आणली होती. शेंदरासारखी पूड. चिमूटभर पाण्यात टाकली की हौद हिरवागार. तो म्हणाला, कोपऱ्यात टाकतो. चरात हिरवं आलं तर खुद्द मॅनेजरलाही नाकारता येणार नाही. मॅनेजरच्या कानावर जाऊ नये म्हणून आधी कुणाला सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. दोघांनी. ते मला चांगलं आठवतं, कारण सुनेला अक्कल नाही, तिनंच नवऱ्याला हे सुचवलं असं नंतर सगळे म्हणाले तेव्हा अर्धी अक्कल नवऱ्याची होती हे मी कुणाला सांगितलं नाही.

रंग टाकून आठवडा गेला. काहीच झालं नाही. मी मनातून हलके झाले. वाटलं, नसेलही खड्ड्याचं. असेलही अप्पांचं. आणि सोमवारी सकाळी चांगुणाबाई अनवाणी धावत दारात आली, पदर डोक्यावरून गळालेला.

"सिद्धम्मा, चला, लवकर चला! बेल उतरलाय पान्यात!"

आम्ही गेलो. चरातलं पाणी हिरवं होतं. इतकं सुंदर हिरवं मी आजवर पाहिलेलं नाही. कोवळ्या बेलाच्या पानावर ऊन पडतं तसं. सोमवार, महादेवाचा वार, अप्पांच्या भोवती रचलेली बेलाची पानं, आणि त्यांचा रंग पाण्याला आलेला. लोक गुडघ्यावर बसले होते. रेवणसिद्ध स्वामींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अव्वांनी समाधीवर डोकं टेकलं आणि त्यांची पाठ हुंदक्यांनी हलत राहिली.

मला तिथल्या तिथं कळलं की आम्ही काय करून ठेवलंय.

भीमाशंकर पुढं झाला. त्यानं सगळं सांगितलं. कोपरा कसा फाटला, गाळ कसा ओतला, रंग कसा टाकला. एक शब्द गिळला नाही. लोक ऐकत होते. बाप गेल्यावर लेकाचं डोकं फिरलंय म्हणून माणसं जशी ऐकतात, तशी. त्यानं खिशातून डबी काढली.

"हाच त्यो रंग."

चांगुणाबाईनं डबीत डोकावलं. "ह्यो तर शेंदरी हाय की. पानी हिरवं हाय."

"पान्यात टाकला की हिरवा होतो, मावशी. तांब्याभर चांगलं पानी द्या कुनी, दावतो."

चांगलं पाणी कुणाकडे होतं? असलं तरी ते वाया घालवायला कोण देणार? मी घरी पळाले. कॅनमधलं तांब्याभर घेऊन आले. भीमाशंकरनं सगळ्यांच्या पुढं तांब्या धरला, चिमूट टाकली. पाणी हिरवंगार झालं. त्यानं तांब्या वर उचलला आणि सगळीकडे फिरवून दाखवला. मला वाटलं, आता तरी. आता तरी डोळे उघडतील.

मग मागून एका म्हातारीनं हात जोडले आणि म्हणाली, "समाधीफुडं धरलं की कुठलंबी पानी हिरवं होऊन राहिलंय, माय."

गर्दीतून "हर हर महादेव" उठलं. भीमाशंकर तसाच उभा, तांब्या हातात. अव्वा उठल्या, त्याच्यापाशी आल्या, त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि गटागटा प्यायल्या. मग ओल्या हातानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "तुज्या अप्पानं तुज्या हातून पाजलं रे मला," त्या म्हणाल्या. त्या तांब्यातलं पाणी त्या दिवशी गावातलं सगळ्यात चांगलं पाणी होतं, एवढंच समाधान.

स्वामी मात्र आम्हाला बाजूला घेऊन गेले. ते भाबडे नव्हते. हळूच म्हणाले, "भीमाशंकर, तुजं खरं बी असंल. मला बी वास येतो. पन ह्यास्नी दुसरं पानी दाव, अन् मंग म्हन की हे सोडा. दुसरं पानी हाय का तुज्याजवळ?"

त्याच्याजवळ एक कॅन होता.

नंतर सगळं पटापट झालं. भीमाशंकर तालुक्याला जाऊन आला. माणसं आली, चराचे फोटो काढले, बाटली भरून नेली. अहवाल आला की कळवू म्हणाले. अहवाल काही आला नाही, पण गावाला पाण्याची सोय झाली असं कुणीतरी वर कळवलं आणि टँकर बंद झाला. पाण्याचे जार विकायला गाडी यायची, तिचंही गिऱ्हाईक गेलं, तीही यायची थांबली. फुकटचं तीर्थ असताना विकत कोण घेणार? मॅनेजरला रंगाचं कळलं. त्यानं भीमाशंकरला त्याच दिवशी घरी बसवलं, आणि वर समाधीला नारळ पाठवला. पुढच्या महिन्यात कंपनीच्या खर्चानं समाधीभोवती फरशी बसली, चराला सिमेंटचा हौद बांधला, बायकांना वाकायला सोपं जावं म्हणून दोन पायऱ्याही केल्या. फरशी चांगली आहे. काम नेटकं केलंय.

भीमाशंकर रोज सकाळी उठायचा, सवयीनं तळपाय झटकायचा आणि ओसरीवर बसायचा. लोक त्याच्याशी वाईट वागले नाहीत. उलट अप्पांचा लेक म्हणून हौदावर त्याला आधी वाट द्यायचे. ते त्याला सहन होईना. एक दिवस म्हणाला, "मी गुजरातेत जातो. तिकडं काम हाय." मी म्हणाले जा. उमाला मी देगलूरला माझ्या आईकडे धाडलं. जाताना ती म्हणाली, "तू पण चल ना." अव्वा समाधी सोडून हलणार नव्हत्या, आणि त्यांना कुणावर टाकून जाऊ?

सुरुवातीला मी निभावलं. जाण्याआधी भीमाशंकरनं कंपनीच्या चौकीदाराच्या हातापाया पडून काही कॅन भरून ठेवले होते. अव्वांचे पाय सुजायला लागले, हौदापर्यंत जाणं होईना. मला म्हणायच्या, "पोरी, तेवढं त्यांचं पानी आन." मी घागर घेऊन बाहेर जायचे, गोठ्यामागं थांबायचे आणि कॅनमधलं पाणी ओतून घ्यायचे. त्यात चिमूटभर मीठ टाकायचे. बेलाचं एक पान चुरडून टाकायचे, मग काढायचे. अव्वा ते पाणी डोळ्यांना लावून प्यायच्या. हसू येईल असं आहे हे, मलाही यायचं. आमच्या घरात खोट्या तीर्थानं म्हातारी जगत होती आणि गाव खऱ्या तीर्थावर.

गाव काय, मरत नव्हतं. तसं एकदम कुणी मरत नाही. पोटं बिघडायची, पोरांच्या अंगावर चट्टे उठायचे, चांगुणाबाईच्या सुनेचं पोटातलं मूल पडलं. उन्हाळ्यात असं होतंच, म्हणायचे. बेल मात्र पुरता वाळला. पाण्याचा हिरवा रंग हळूहळू उतरला, तेव्हा लोकांनी बाहेरगावाहून बेलाची पानं आणून हौदात टाकायला सुरुवात केली.

मृगात ढग आले आणि गेले. कॅन संपले. चौकीदार बदलला होता. शेजारच्या गावच्या विहिरीला त्यांनी कुंपण घातलं होतं आणि काठीवाला बसवला होता. मी गेले, हात जोडले. तो म्हणाला, "बाई, तुमच्या गावात तर देवाचं पानी हाय. आमचं कामून मागता?" मी त्याला काय सांगणार होते? सांगितलंही. तो हसला.

दोन दिवस मी अव्वांना घोट घोट दिला आणि स्वतः ओल्या फडक्यानं ओठ पुसले. तिसऱ्या सकाळी माठाच्या बुडाशी फक्त ओल होती. अव्वा पडल्या पडल्या हाका मारत होत्या, "शिवकांता, त्यांचं पानी आन गं." आवाजात कोरड होती. मी माठ पालथा घातला, थोडा वेळ त्याच्याशेजारी बसले. मग घागर उचलली आणि या वेळी गोठ्यामागं थांबले नाही.

हौदावर रांग होती. मला पाहून बायका सरकल्या. "पुढं ये गं, तुज्याच घरचं पानी हाय," चांगुणाबाई म्हणाली. मी नको नको म्हणत तिच्या मागं उभी राहिले. रांग पुढं सरकत होती. तिनं वळून माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या तोंडाकडे, कोरड्या ओठांकडे. तिला सगळं कळलं असावं, कारण ती माझ्या कानाशी आली आणि अगदी हळू बोलली.

"तुला काय वाटलं, आमाला कळत न्हाई? भीमाशंकर बोलला तेव्हाच कळलं होतं. नाक हाय की आमाला. पन ते खड्ड्याचं म्हनलं की घशाखाली उतरत न्हाई, बाई. अप्पाचं म्हनलं की उतरतं."

इतके दिवस मला वाटत होतं, गावात कळणारी मी एकटीच.

तिची घागर भरली. ती बाजूला झाली, घागर कमरेवर घेतली आणि म्हणाली, "अप्पाचं नाव घे. वास कमी येतो."

मी पायरीवर उतरले. बेलाची पानं बाजूला सारली. अप्पांचं नाव घेतलं. वास आला. मी घागर बुडवली आणि गळ्यापर्यंत भरू दिली, कारण घरात अव्वा होत्या आणि मीही होते.